ती इथे राहते

मावशीच्या हातातल्या उशीच्या अभ्र्याची घडी अर्धीच राहिली.

समोर टेबलापाशी मुलगी बसली होती. पाठ ताठ, केस घट्ट बांधलेले, अंगात मावशीनेच सकाळी इस्त्री करून दिलेला पांढरा शर्ट. लॅपटॉपच्या पडद्यावर परदेशातल्या एका हॉस्पिटलच्या मुख्य नर्सबाई होत्या. करड्या केसांच्या, हसऱ्या, सावकाश बोलणाऱ्या. नोकरीची ही पहिली, ओळखीपुरती मुलाखत आणि तीही जर्मनमधून. नाव सांगून झालं, वय झालं, काम झालं. मग त्या बाईंनी घरच्या माणसांबद्दल विचारलं, आणि मुलगी जराही न अडखळता म्हणाली, "माइने मुटर लेब्ट निश्ट. माइन फाटर लेब्ट निश्ट. इश हाबे काइने फामीलिए."

माझी आई हयात नाही. माझे वडील हयात नाहीत. मला कुटुंब नाही.

पडद्यावरच्या बाईंचा चेहरा हळवा झाला. मग त्यांची नजर मुलीच्या खांद्यावरून मागे गेली. आतल्या खोलीच्या दारात कपड्यांचा ढीग कडेवर घेतल्यासारखा धरून पन्नाशीची एक बाई उभी होती. त्यांनी सहज विचारलं, ती बाई कोण?

मुलीने मान वळवूनही पाहिलं नाही. "झी वोन्ट हिअर," ती म्हणाली.

ती इथे राहते.

बस्स, एवढंच! त्या 'वोन्ट'मधला शेवटचा 'ट' मुलीच्या तोंडून नेहमी निसटायचा. आठ महिने, रोज संध्याकाळी, मावशीने तो तिच्याकडून घोटून घेतला होता. आज तो निसटला नाही. अगदी स्वच्छ, ठसठशीत उमटला... आणि थेट मावशीच्या काळजात जाऊन रुतला.

मावशीला यातलं काही कळत असेल, हे मुलीच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुस्तक धरून बसणाऱ्या माणसालाही पुस्तक समजू लागतं, हा विचार तिला कधी शिवलाच नव्हता.

मुलाखत संपली. मुलीने लॅपटॉप मिटला, हात वर ताणून आळस दिला आणि बऱ्याच दिवसांनी हसली. "झालं एकदाचं! घेतील बहुतेक मला. तुम्ही ऐकत होतात ना मावशी? चुकलं का हो कुठे?"

मावशीने अभ्र्याची राहिलेली घडी पुरी केली, कडेला कड लावली, तळव्याने दाबली.

"नाही," ती म्हणाली. "एकही चूक नाही."

मग ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला, आणि बादली भरून वाहू लागली तरी बाहेर आली नाही.

*

मुलगी आठ वर्षांची असताना मावशी या घरात आली. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मुलीचे वडील आणि मुलगी. वडील लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. त्यांची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी न्यूमोनियाने गेली होती. "ही तुझी नवी आई," असं त्यांनी सांगितलं तेव्हा मुलीने या नव्या बाईला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मी मावशी म्हणेन." नवी बाई म्हणाली, "चालेल की." त्या दिवसापासून ती मावशी झाली ती झालीच. 'अहो मावशी', 'तुम्ही मावशी'... मुलीच्या बोलण्यात कधी उणा शब्द नसायचा, आणि कधी एक शब्द जास्तही नसायचा.

मावशी कपडे धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री विभागात होती. हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे डगले, शाळांचे गणवेश. वाफेच्या इस्त्रीखालून दिवसाला शेकडो कपडे तिच्या हातून जायचे. तिच्या हाताला खळीचा वास कायमचा लागलेला. शर्टाची कॉलर कुठल्या टोकापासून दाबायची म्हणजे चुणी पडत नाही, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण मुलीच्या मनावरची चुणी काही तिला काढता आली नाही.

तिला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल तिने कुणाशी कधी बोलून दाखवलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मुलगी अकरा वर्षांची असताना मावशीने तिला हॉस्टेलवर पाठवलं. हे मुलगी कधीच विसरली नाही. शाळेतून परत येऊन ती दाराबाहेर बूट काढत होती, आणि आतून मावशीचा आवाज आला होता, चढा, त्रासलेला, "मला नाही झेपत आता! नोकरी करू, घर बघू, की हिचं करू? हिला हॉस्टेलवर टाका, नाहीतर मी तरी जाते!" वडील काहीच बोलले नाहीत. आठवड्याच्या आत मुलीची ट्रंक भरली गेली. मुलीच्या आत्याने तर साऱ्या नात्यागोत्यात डांगोरा पिटला, "शेवटी काढलीच पोरीला घरातून! मला पहिल्या दिवशीच हिचं लक्षण कळलं होतं."

दोन वर्षं मुलगी तिथे राहिली. पहिले सहा महिने भेटायला कुणीच आलं नाही, नुसती पत्रं आली. मग वडील दर रविवारी येऊ लागले. मावशी मात्र एकदाही आली नाही. दोन्ही वर्षांत नाही!

पुढे मुलगी घरी आली, शिकली, नर्स झाली. पाच वर्षांपूर्वी वडील कामावरच छातीत कळ येऊन गेले. मग त्या दोन खोल्यांत या दोघीच उरल्या. सकाळी एकीची पाळी, दुपारी दुसरीची. स्वयंपाक कुणी केला, गॅस कधी संपला, किल्ली कुठे ठेवली... एवढंच बोलणं. भांडण असं नव्हतंच. भांडायलाही माणूस आपलं असावं लागतं.

आणि मग हे जर्मन आलं.

मुलीने परदेशी जायचं ठरवलं आणि शिकवणी लावली. तिची सरावाची मैत्रीण मध्येच लग्न होऊन गेली, तेव्हा नाइलाजाने एका संध्याकाळी ती पुस्तक घेऊन मावशीपुढे आली. "जरा धरता का? तुम्हाला एबीसीडी वाचता येते ना? मी म्हणते, तुम्ही फक्त बघा, शेवटचं अक्षर चुकलं की सांगा."

मावशी दहावीपर्यंत शिकलेली. चष्मा लावून ती बसली. प्रश्नही तिनेच वाचायचे, कारण दुसरं होतं कोण? वी हाइसेन झी? तुमचं नाव काय? वो वोनेन झी? तुम्ही कुठे राहता? वास माखेन झी? तुम्ही काय करता? अठरा वर्षं एका छपराखाली काढलेल्या दोघी रोज संध्याकाळी समोरासमोर बसून एकमेकींना नाव विचारत, गाव विचारत, कुठे राहता म्हणून विचारत! मुलीच्या दृष्टीने तो निव्वळ सराव होता. मावशीला मात्र लाँड्रीतून निघाल्यावर घरी पोचायची घाई होऊ लागली. या मुलीने तिच्याकडे बघून, डोळ्याला डोळा देऊन, इतका वेळ बोलावं... मग ते कुठल्या का भाषेत असेना!

एकदा तिने भीतभीत विचारलं, "मी इस्त्री करते, याला काय गं म्हणतात?"

"पुस्तकात नाही ते," मुलगी पान उलटत म्हणाली.

कुटुंबाचा धडा आला तेव्हा मुलीने तो ओलांडला. "हा नको. हा मला येतो." मावशीने तो दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, धुवट चादरींच्या गठ्ठ्यावर बसून एकटीने वाचला. मुटर, फाटर, टोख्टर. म्हणजे आई, बाप आणि मुलगी. तीन शब्द तिने मनातल्या मनात इतक्यांदा म्हटले की बाजूची बाई म्हणाली, "काय गं, जप करतेस की काय?"

*

मुलाखतीनंतर बारा दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. सोबत आरोग्याचा फॉर्म होता, चार पानी.

रविवारची दुपार होती. मुलगी जेवणाच्या टेबलावर फॉर्म पसरून बसली होती, आणि सवयीने प्रत्येक प्रश्न मोठ्याने मराठीत करून सांगत होती. मावशी समोर भाजी निवडत होती.

"साखरेचा आजार, नाही. दमा, नाही. ऑपरेशन, नाही. घरात, एकत्र राहणाऱ्या कुणाला क्षयरोग झाला होता का..." मुलीने पेन टेकवलं. "नाही."

"थांब," मावशी म्हणाली. "नाही लिहू नकोस."

"का?"

मावशीच्या हातातली शेंग हातातच राहिली. पंधरा वर्षं तिने ओठ शिवून ठेवले होते. वाटलं, आजही गप्प बसावं... एका शब्दाचा तर प्रश्न! पण मुलगी रोग्यांत काम करायला निघाली होती, आणि खोट्या कागदावर पाय ठेवून निघाली असती. दिलेला शब्द मोठा, की ही मोठी?

"हो लिही," ती म्हणाली.

"अहो मावशी, आईला न्यूमोनिया होता. क्षय नाही. बाबांनीच सांगितलंय मला."

"तुझ्या आईचं नाही म्हणत मी. तुझ्या बाबांचं म्हणतेय."

मुलीने पेन कागदावरून उचललं.

"तू अकरा वर्षांची होतीस," मावशी सांगू लागली, आवाज न चढवता, एखादी चादर कुठे फाटलीय हे दाखवावं तशी. "त्यांना खोकला लागला. तपासलं तर क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, घरात लहान मूल असेल तर काही महिने लांब ठेवा. तुला आठवतं का, आई गेल्यावर घरात कुणी नुसतं खोकलं तरी तू टेबलाखाली जाऊन कानात बोटं घालून बसायचीस? मी आले तेव्हाही बसायचीस. ते मला म्हणाले, हिला यातलं काही कळू देऊ नकोस. कळलं तर पोर रोज मला मरताना बघेल. म्हटलं, मग सांगायचं काय? तर त्यांना काही सुचेना. शेवटी मीच म्हटलं, माझ्यावर घाला."

"म्हणजे तुम्ही त्या दिवशी जे बोललात..."

"तुझे बूट वाजले दारात, तेव्हाच बोलायला लागले."

मुलीच्या हातातलं पेन घरंगळत खाली पडलं. कुणी उचललं नाही.

"सहा महिने बाबा म्हणूनच आले नाहीत?"

"औषध चालू होतं. खात्री झाल्यावरच आले."

"आणि मग? मग बाबा बरे झाले होते ना? मग मला लगेच घरी का नाही आणलं? आणखी दीड वर्ष का ठेवलं मला तिथे? आणि तुम्ही... तुम्ही तर एकदासुद्धा आला नाहीत!"

मावशीने निवडलेली भाजी उगाचच ताटात एका बाजूला सारली.

"तोवर मला झाला होता," ती म्हणाली. "त्यांचं मीच करत होते ना. माझा जरा जास्त दिवस चालला. पहिलं औषध लागू पडलं नाही."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं. मुलगी उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. तिचा चेहरा रडवेला नव्हता. संतापाने लाल झाला होता.

"पंधरा वर्षं!" ती ओरडली. "पंधरा वर्षं मी तुमचा राग राग केला! आत्या काय काय बोलायची, मी मान डोलवायचे! आणि बाबा? ते बघत होते सगळं! त्यांनी तरी का नाही सांगितलं?"

"सांगणार होते. आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिले. मग तू मोठी झालीस, तुझी परीक्षा होती, मग नोकरी... आणि मग ते गेलेच."

"ते गेल्यावर तुम्ही सांगायचं होतंत!"

"गेलेल्या माणसावर ढकलायचं? आणि तुला एकच तर माणूस आवडायचं घरात. त्यालाही खाली ओढू?"

"मी काय खेळणं होते का तुमचं? मला ठरवू दिलंच नाहीत तुम्ही कुणी, कुणाला काय म्हणायचं ते!" आता मात्र तिचा आवाज फुटला. मग अचानक काहीतरी आठवून ती थबकली. "मावशी... मुलाखतीच्या दिवशी... तुम्हाला कळलं होतं?"

मावशीने आणखी एक शेंग उचलली.

"खरं सांगा. मी काय म्हणाले ते कळलं होतं?"

"सोपंच होतं," मावशी म्हणाली. "सगळा वर्तमानकाळ होता."

"आणि मी वर तुम्हालाच विचारलं, चुकलं का..."

"मग? चुकलं नव्हतंच. राहतेच की मी इथे."

मुलीने तोंडावर हात दाबून धरला, पर्स उचलली आणि दार लोटून ती निघून गेली. टेबलावर फॉर्म तसाच उघडा होता. मावशीने खाली वाकून पेन उचललं, त्याला टोपण लावलं, आणि पुन्हा भाजी निवडायला बसली. पण कुठली शेंग टाकायची आणि कुठली ठेवायची, हे काही केल्या तिला दिसेना.

*

चार दिवस मुलगी बोलली नाही. जोडून पाळ्या केल्या, घरी आली ती नुसती आंघोळीपुरती. मावशी ताट झाकून ठेवायची. ताट रिकामं होऊन, घासून जागेवर पालथं घातलेलं सापडायचं. तेवढ्यावर मावशी दिवस काढत होती.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मुलगी लाँड्रीच्या दारात उभी राहिली. वाफेने भरलेल्या त्या लांब खोलीत ती आजवर कधीच आली नव्हती. डोळे सुजलेले, हातात दोन चिठ्ठ्या.

"फॉर्मवर हो लिहिलं," ती म्हणाली. "छातीचा एक्स-रे मागितलाय. माझा आज काढायचाय." मग दुसरी चिठ्ठी पुढे केली. "हा तुमचा. शेवटचा कधी काढला होता?"

"तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे? पंधरा वर्षांत एकदाही नाही? कमाल आहे तुमची! डॉक्टरांनी दर वर्षी तपासायला सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल."

"चला. आत्ता."

"अगं, ड्यूटी चालू आहे माझी..."

"मी बोललेय तुमच्या मुकादमाशी. चला म्हणते ना!"

तिच्या आवाजात जरब होती. मावशीने इस्त्री बंद केली. आजवर या मुलीने तिला कधी रागावलंच नव्हतं. नुसतं सभ्यपणे वागवलं होतं.

एक्स-रे विभागाबाहेर लाकडी बाकांची रांग होती. मुलीचा आधी झाला, पाच मिनिटांत. मग मावशीचा नंबर आला. आतला कर्मचारी नवखा होता. मावशीला काचेला छाती लावून नीट उभं राहता येईना, खांदे पुढे घेता येईनात, पंचवीस वर्षं इस्त्री दाबून दाबून उजवा खांदा आखडलेला. मुलगी आत शिरली. तिने मावशीच्या पाठीवर हात ठेवला, खांदा अलगद पुढे घेतला, हनुवटी वर केली.

"अशी उभी राहा," ती म्हणाली. "घाबरू नकोस. मी इथे बाहेरच आहे. श्वास घे... आणि धरून ठेव."

मावशीने श्वास धरून ठेवला. कर्मचाऱ्याने "सोडा" म्हटलं तरी तिने सोडला नाही. उभी राहा, घाबरू नकोस, श्वास घे! या पोरीने तिला अगंतुगं केलं होतं! मुलीच्या तरी ते लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

अर्ध्या तासाने दोन्ही फिल्म मिळाल्या. मुलीने आधी स्वतःची खिडकीच्या उजेडात धरली. स्वच्छ होती. तिला परदेशी जायला आता कसली आडकाठी नव्हती. ती फिल्म तिने बाकावर ठेवली, आणि दुसरी वर धरली.

बराच वेळ ती बघत राहिली. रोजचं काम होतं तिचं. अशा शेकडो फिल्म तिच्या हातून गेल्या होत्या. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात, गळ्याच्या हाडाखाली, एक पांढरा डाग होता. जुना, भरून आलेला, आता कसलंही भय नसलेला. अंगठ्याएवढा.

तिने त्यावर बोट टेकवलं.

"हे काय गं?" मावशीने घाबरून विचारलं. "परत आलं की काय? तुला जाऊ देतील ना?"

"नाही. बरा झालेला आहे. नुसता वण आहे." मुलीचं बोट तिथेच होतं. "मी तिकडे बसून तुझ्यावर दात-ओठ खात होते... आणि तू इकडे हे..." तिने फिल्म खाली घेतली. "एकटीच होतीस दवाखान्यात?"

"ते यायचे की डबा घेऊन. रविवारी तेवढे नाही यायचे."

"रविवारी का नाही?"

"रविवारी ते तुझ्याकडे असायचे," मावशी म्हणाली. "मीच पाठवायचे. म्हणायचे, मला भेटायला हजार नर्सा आहेत, तिला कोण आहे?"

मुलगी मटकन बाकावर बसली. मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून, भर दुपारी, परक्या माणसांच्या त्या गर्दीत, ती सहा वर्षांच्या पोरीसारखी हमसून हमसून रडू लागली. मावशीने आधी इकडे तिकडे पाहिलं, लोक बघतात म्हणून तिला अवघडल्यासारखं झालं. मग तिने आपला खळीच्या वासाचा, खरबरीत हात मुलीच्या केसांत घातला. अठरा वर्षांत प्रथमच घातला. केस तिला वाटले होते त्याहून खूप मऊ होते.

"कधी निघायचं तुला?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"चार महिने आहेत अजून."

"पुष्कळ झाले," मावशी म्हणाली.

खिडकीतला कर्मचारी ओरडला, "फिल्म मिळाली ना बाई? मग बाक रिकामं करा, मागे माणसं उभी आहेत!"

"हो, हो," मावशी म्हणाली. पण उठली काही नाही.